रम कुलिन : स्कॉटलंडमधील वाटेविना डोंगरभ्रमण

रम कुलिन ही स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातल्या रम बेटावरची पर्वतरांग होय. अ‍ॅस्किव्हल (८१२ मी.) हे तिचे सर्वोच्च शिखर असून आयन्शव्हल (७८१ मी.), स्गूर नान गिल्यान (७६४ मी.), हॅलिव्हल (७२३ मी.) आणि ट्रोलाव्हल (७०२ मी.) ही अन्य प्रमुख शिखरे आहेत. नुसते आकडे पाहिले तर ही रांग किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु थेट समुद्रकाठापासून सुरू होणारा चढ, दोन शिखरांमध्ये खोलवर उतरणाऱ्या खिंडी, बेभरवशाचे हवामान आणि बहुतेक ठिकाणी मळलेल्या वाटेचा अभाव यांमुळे ही रांग एका दिवसात पार करणे अनुभवी चालणाऱ्यांनाही जड जाते. ब्रिटनमध्ये दोराविना, पायी केल्या जाणाऱ्या डोंगरभ्रमणाची दीर्घ परंपरा आहे. तिच्यात वाट स्वतः शोधत जाण्याला जे मोल दिले जाते ते या रांगेत फार स्पष्टपणे कळते.

स्मॉल आइल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रम, एग, मक आणि कॅना या बेटांपैकी रम सर्वांत मोठे असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०५ चौ. किमी. आहे. एवढ्या मोठ्या भूभागावर जेमतेम चाळीसच्या आसपास माणसे राहतात आणि ती जवळजवळ सगळी पूर्व किनाऱ्यावरील किनलॉख या एकाच वस्तीत. मुख्य भूमीवरील मॅलेग बंदरातून ठरावीक दिवशी बोट येते. पाहुण्यांना मोटार आणता येत नाही. किनलॉखहून पश्चिमेस हॅरिस आणि उत्तरेस किलमोरी या किनाऱ्यांकडे जाणारे दोन कच्चे रस्ते सोडले, तर बेटाचा अंतर्भाग पायीच ओलांडावा लागतो.

डोंगरावर वाट नाही याचा अर्थ तेथे माणूस कधी पोचलाच नव्हता असा घेतला जातो. रमच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. किनलॉखजवळ मध्याश्मयुगीन वस्तीचे अवशेष सापडले असून ते स्कॉटलंडमधील सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक आहेत. बेटाच्या पश्चिम टोकाला मिळणाऱ्या रक्ताश्म या दगडाची हत्यारे त्या काळी येथे घडवली जात. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावर चारशेहून अधिक लोक राहत होते. त्यानंतर जे घडले त्याला स्कॉटलंडच्या इतिहासात ‘क्लिअरन्सेस’, म्हणजे जमीनदारांनी मेंढपाळीसाठी कुळांना हुसकावून लावणे, असे म्हणतात. १८२६ साली सुमारे ३०० जणांना दोन जहाजांत बसवून कॅनडातील केप ब्रेटन येथे पाठवण्यात आले. १८२८ साली आणखी काही कुटुंबे गेली. मागे उरलेल्या कुरणांवर हजारो मेंढ्या आणल्या गेल्या. हॅरिसच्या किनाऱ्याजवळच्या उतारावर त्या शेतकऱ्यांनी घातलेले लांबट मातीचे वाफे गवताखाली अजूनही उठून दिसतात, आणि तिरप्या उन्हात त्यांच्या ओळी दुरूनही मोजता येतात.

मेंढ्यांचा व्यवहार पुढे तोट्यात गेला. १८४५ साली बेट सॉल्झबरीच्या मार्क्विसकडे आले आणि तेथे शिकारीसाठी तांबडी हरणे पाळली जाऊ लागली. १८८८ साली कापडगिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या लँकेशरच्या घराण्यातील जॉन बुलो यांनी ते विकत घेतले आणि त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी १९०० च्या सुमारास किनलॉख येथे तांबड्या वालुकाश्माचा प्रासाद उभारला. या खासगी मालकीच्या काळात परक्यांना बेटावर पाऊल ठेवू दिले जात नसे, त्यामुळे रमला ‘निषिद्ध बेट’ हे नाव पडले. १९५७ साली बेट सरकारी निसर्गसंवर्धन संस्थेकडे आले आणि राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले.

सह्याद्रीतल्या वाटांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या इतिहासाचा अर्थ चटकन लागेल. आपल्याकडे घाटवाटा, पाणवठ्याच्या वाटा, गुराख्यांच्या ढोरवाटा आणि माथ्यावरच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटा टिकून आहेत, कारण पायथ्याला गाव आहे आणि गावाची ये-जा आहे. रमवर गावच उठवले गेले. नंतरच्या मालकांनी फिरस्त्यांनाही दूर ठेवले. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांवरील (९१४ मी.) शिखरांना मन्रो म्हणतात आणि त्यांची १८९१ साली प्रसिद्ध झालेली यादी पुरी करण्यासाठी लोक आयुष्याची वर्षे खर्च करतात. या लोकप्रिय शिखरांवर पावलांनीच रुंद वाटा पडल्या आहेत. रमवर एकही मन्रो नाही. अ‍ॅस्किव्हल आणि आयन्शव्हल ही दोन शिखरे २,५०० ते ३,००० फूट उंचीच्या कॉर्बेट या गटात मोडतात. म्हणून येथील वाटहीनतेला निसर्गाची मूळ अवस्था समजण्यापेक्षा माणसांच्या गैरहजेरीचा परिणाम मानणे अधिक योग्य ठरेल.

येथील खडक समजून घेतल्याशिवाय या रांगेत चालता येत नाही. सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिक महासागर उघडत असताना येथे एक मोठा ज्वालामुखी होता. दख्खनचा लाव्हा त्याच्या काही दशलक्ष वर्षे आधीचा आहे; मात्र सह्याद्रीत आपण पृष्ठभागावर वाहून आलेल्या लाव्ह्याच्या थरांवर चालतो, तर रमवर ज्वालामुखीच्या पोटातली शिलारसाची कोठी झिजेमुळे उघडी पडली आहे. कोठीत शिलारस पुन्हा पुन्हा भरत गेला आणि जड स्फटिक तळाशी साचत गेले, त्यामुळे हॅलिव्हल आणि अ‍ॅस्किव्हल यांच्या अंगावर एकावर एक पायऱ्या दिसतात. पेरिडोटाइट हा ठिसूळ, तपकिरी खडक झिजून उतार बनतो आणि फिकट रंगाचा ट्रॉक्टोलाइट कडा होऊन बाहेर येतो. भूविज्ञानात थरयुक्त अंतर्वेशी (भूपृष्ठाखालीच थिजलेल्या शिलारसाच्या) खडकांच्या अभ्यासासाठी रमला जगभर मान आहे. चालणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की पेरिडोटाइट इतका खरखरीत असतो की ओला असतानाही बूट घट्ट धरून ठेवतो आणि हातांची कातडी मात्र सोलवटून काढतो. त्याला छेदून जाणाऱ्या बेसाल्टच्या भित्ती गुळगुळीत असून पावसात धोकादायक निसरड्या होतात. दक्षिणेकडील आयन्शव्हलवर खडक बदलतो, पकड सैल होते आणि घसारा वाढतो.

रांगेचा प्रचलित मार्ग किनलॉखहून सुरू होतो. कोरी डू या खोलगटातील ओढ्याच्या काठाने जुन्या बंधाऱ्यापर्यंत वाट स्पष्ट आहे. पुढे ती दलदल, गवत आणि दगडांत विरत जाते. बार्कव्हल आणि हॅलिव्हल यांमधील खिंडीत पोचल्यावर डावीकडे वळून धारेने हॅलिव्हलचा माथा गाठतात. थरांच्या कड्यांमधून प्रत्येक वेळी एखादी फट किंवा लहान नळी सापडते, पण ती समोर येईपर्यंत दिसत नाही. हॅलिव्हलवरून दक्षिणेस मोठमोठ्या दगडांतून उतरले की पुढे अरुंद, हिरवळीची धार अ‍ॅस्किव्हलकडे चढते. या धारेवरचा सुळका थेट चढण्यास प्रस्तरारोहणाचे कौशल्य लागते. बहुतेक जण तो पूर्वेच्या बाजूने टाळतात, तरी हात वापरावेच लागतात. माथ्यावर भूमापनाचा खांब आहे. स्वच्छ हवेत उत्तरेला स्काय बेटावरील मोठी कुलिन रांग आणि दक्षिणेला एग व मक ही बेटे दिसतात.

अ‍ॅस्किव्हलवरून पश्चिमेकडे उतरून गाठायची खिंड समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर आहे, म्हणजे कमावलेली उंची निम्म्याच्या आसपास गमवावी लागते. तेथून ट्रोलाव्हलचे जोडशिखर, पुन्हा खिंड, पुन्हा आयन्शव्हलचा अंगावर येणारा चढ, असा क्रम लागतो. आयन्शव्हलच्या उत्तर धारेवरचा कातळ टाळण्यासाठी डाव्या हाताला घसाऱ्यातून जाणारी पुसट खूण उपयोगी पडते. स्गूर नान गिल्यानपर्यंतची गवताळ धार त्यामानाने सुखाची आहे. तेथून पूर्वेला थेट खाली डिबिडिलची दरी दिसते आणि थकलेल्या माणसाला तिकडेच उतरण्याचा मोह होतो. पण त्या अंगाला कडे आहेत. म्हणून आधी दक्षिणेची सोंड धरून बरेच खाली यावे आणि मगच डिबिडिलकडे वळावे, असा जाणकारांचा सल्ला असतो आणि तो धुक्यात तर अक्षरशः पाळावा लागतो.

या रांगेतली सर्वांत अनपेक्षित गोष्ट हॅलिव्हल आणि अ‍ॅस्किव्हल यांच्या वरच्या उतारांवर दिसते. सहाशे मीटरच्या वर, जेथे नुसता दगड आणि शेवाळ असावे, तेथे अचानक गर्द हिरवी, दाट हिरवळ लागते. ती मॅन्क्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेवर पोसली जाते. या पक्ष्यांच्या एक लाखाहून अधिक जोड्या येथे बिळांत घरटी करतात आणि ही त्यांची जगातील सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. झिजलेल्या पेरिडोटाइटची भुसभुशीत माती त्यांना उकरता येते. बिळाच्या तोंडाशी ताजी माती, पांढरे शिंतोडे आणि एखादे पीस पडलेले असते. दिवसा मात्र एकही पक्षी बाहेर दिसत नाही. जमिनीवर ते जेमतेम सरपटतात, म्हणून शिकारी पक्ष्यांच्या भीतीने अंधार पडल्यावरच समुद्रावरून येतात आणि त्यांच्या कर्कश, घोगऱ्या हाकांनी सारा डोंगर भरून जातो. हिवाळा ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ काढतात. रमच्या मातीत खनिजांची इतकी वानवा आहे की येथील हरणे या पक्ष्यांच्या पिल्लांची डोकी व पाय चावून हाडांतले कॅल्शियम मिळवतात, असे संशोधकांनी नोंदवले आहे. वसाहतीवरून जाताना बिळाचे छत पायाखाली खचू शकते. त्यामुळे शक्य तेथे दगडावरूनच चालणे हे पक्ष्यांच्या आणि स्वतःच्या घोट्याच्याही हिताचे असते.

वन्यजीवांच्या अभ्यासातही रमचे स्थान मोठे आहे. किलमोरी परिसरातील तांबड्या हरणांचा १९५० च्या दशकात सुरू झालेला अभ्यास आजही चालू असून, त्यात एकेका हरणाची जन्मापासून मृत्यूपर्यंत नोंद ठेवली जाते. ब्रिटनमधून नामशेष झालेल्या पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडाची पिल्ले १९७५ पासून नॉर्वेहून आणून याच बेटावरून सोडण्यात आली. हरणांच्या पावलांनी पडलेल्या वाटा डोंगरभर आहेत, परंतु त्यांच्यावर विसंबू नये. त्या चाऱ्याकडे किंवा आडोशाकडे जातात आणि ऐन कड्याच्या वर विरून जातात.

वाट नसलेल्या भूमीवर दिशा राखण्याचे तंत्र वेगळे असते. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या लँडरेंजर मालिकेतील ३९ क्रमांकाचा किंवा एक्सप्लोरर मालिकेतील ३९७ क्रमांकाचा नकाशा येथे वापरतात. ओढा, धार किंवा खिंड अशी न चुकणारी खूण धरून टप्प्याटप्प्याने पुढे जायचे, मुक्कामाच्या बिंदूवर नेमका नेम न धरता मुद्दाम एका बाजूला सरकून चालायचे म्हणजे नंतर कुठे वळायचे ते निश्चित राहते, आणि समोच्च रेषांवरून पुढचा उतार मनाशी आधीच उभा करायचा, ही त्यातली मुख्य कौशल्ये होत. शेजारच्या स्काय बेटावरील कुलिनमध्ये चुंबकीय खडकांमुळे होकायंत्र चुकीची दिशा दाखवते हे सर्वश्रुत आहे. तशाच जातीच्या खडकांच्या या रांगेतही एकाच वाचनावर भरवसा ठेवू नये. वेळेचा अंदाज विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ साली मांडलेल्या नियमावरून घेतला जातो. तासाला सुमारे ५ किमी. अंतर आणि दर ६०० मीटर चढासाठी आणखी एक तास, असा तो नियम आहे. त्यानुसार वीस-बावीस किलोमीटरची ही फेरी सात-साडेसात तासांची भरते. प्रत्यक्षात बहुतेकांना दहा ते बारा तास लागतात. पायाखालची पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल, घसारा आणि मार्ग पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा थांबणे यांचा हिशेब त्या नियमात नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा सारा प्रदेश खुला आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक सर्व जमिनीवर आणि पाण्यावर जबाबदारीने पायी फिरण्याचा हक्क दिला असून, तो ठरलेल्या वाटांपुरता मर्यादित नाही. इंग्लंडमधील कायद्यापेक्षा ही तरतूद बरीच उदार आहे, आणि ज्या बेटावर एकेकाळी परक्याला उतरूही दिले जात नसे तेथे तिचे महत्त्व विशेष जाणवते. शरद ऋतूत हरणांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी शिकार चालते, तेव्हा किनलॉखमध्ये चौकशी करून मार्ग ठरवण्याची पद्धत आहे.

मे आणि जूनचा पूर्वार्ध हा उत्तम काळ मानला जातो. दिवस अतिशय लांब असतात, पाऊस तुलनेने कमी असतो आणि चावणाऱ्या बारीक माश्यांचे थवे अजून पुरते वाढलेले नसतात. जुलै-ऑगस्टमध्ये वारा पडला की या माश्या किनलॉखमध्ये उभे राहू देत नाहीत. धारेवर वारा असल्याने त्यांचा त्रास कमी होतो. हिवाळ्यात उजेड सात तासांच्या आसपासच मिळतो आणि अटलांटिक वादळे बोटी बंद पाडतात.

परतीचा प्रवास डिबिडिलहून किनाऱ्यालगत होतो. तेथे मेंढपाळाचे जुने दगडी घर दुरुस्त करून निवाऱ्यासाठी खुले ठेवले आहे. अशा निवाऱ्यांना बॉथी म्हणतात आणि त्यांची देखभाल स्वयंसेवक करतात. किनलॉखपर्यंतची आठ-नऊ किलोमीटरची पायवाट नकाशावर ठळक असली तरी चिखलाची आणि मधूनच हरवणारी आहे, आणि तिच्यावर पूल नसलेले ओढे आहेत. डोंगरात जोराचा पाऊस झाला की हे ओढे तासाभरात फुगतात. अशा वेळी पाणी ओसरेपर्यंत बॉथीत थांबणे हाच शहाणपणाचा मार्ग असतो. मोबाइलला खात्रीने संपर्क मिळत नाही आणि बचाव पथक मुख्य भूमीवरून यावे लागते. त्यामुळे निघण्यापूर्वी वस्तीत कुणाला तरी मार्ग व परतण्याची वेळ सांगून ठेवतात, एका दिवसाचा शिधा जास्तीचा बाळगतात आणि परतीच्या बोटीच्या आदल्या दिवशी ही फेरी सहसा ठेवत नाहीत.