तिबेटी घरातला मुक्काम : पार्श्वभूमी

तिबेटी कुटुंबात चार दिवस राहायचं, सकाळी त्साम्पा (भाजलेल्या सातूचं पीठ) आणि लोणी घातलेला खारट चहा घ्यायचा, घरच्या बाईंना ‘अमा-ला’, म्हणजे आई, म्हणून हाक मारायची. आज याला होमस्टे म्हणतात. परक्याला घरात उतरवून घेण्याची तिबेटी रीत मात्र पर्यटनाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिची किंमत अनेकदा यजमानाने मोजली आहे.

जुन्या तिबेटात वाटेवर असत ते मुख्यतः व्यापारी आणि यात्रेकरू. गावोगाव त्यांची उतरण्याची घरं ठरलेली असत. नाशिक-त्र्यंबकला आपापल्या घराण्याचे उपाध्ये ठरलेले असतात, तसंच हे. अशा घराला नेत्सांग म्हणत. पठारावरचे पशुपालक धान्यासाठी खोऱ्यात उतरले की ओळखीच्या शेतकऱ्याकडेच मुक्काम करत. लोणी, लोकर, मांस देऊन सातू नेत. हे संबंध बापाकडून मुलाकडे येत. पूर्व सीमेवरच्या दार्त्सेदोत, म्हणजे आजच्या कांगडिंगमध्ये, या रिवाजाचा मोठा व्यवसाय झाला. चिनी चहा तिथे येई आणि तिथून याकांच्या पाठीवर ल्हासाकडे निघे. या गावातली व्यापाऱ्यांना उतरवून घेणारी ४८ घरं प्रसिद्ध होती. राहण्याचं भाडं नसे. यजमान दुभाषी, दलाल आणि जामीन अशी तिन्ही कामं करी आणि सौद्यावर दलाली घेई. यातल्या कित्येक घरांचा कारभार बायकांच्या हाती होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

ओळखीच्या माणसाला दार उघडं होतं. परदेशी माणसाला देशच बंद होता. दार्जिलिंगच्या शाळेचे मुख्याध्यापक शरच्चंद्र दास १८७९ मध्ये आणि पुन्हा १८८१ मध्ये तिबेटात गेले. ताशिल्हुन्पो मठाच्या सेंगचेन लामांनी त्यांना आश्रय दिला, ग्यान्त्से भागातल्या फाला या सरदार घराण्याने मदत केली. दास ब्रिटिशांसाठी माहिती गोळा करत होते, हे नंतर उघड झालं. दास दार्जिलिंगला सुखरूप पोचले होते. सेंगचेन लामांना १८८७ मध्ये नदीत बुडवून मारण्यात आलं. फाला कुटुंबातल्यांना कैद झाली. दासांच्या प्रवासाची कहाणी सांगताना या यजमानांचं नाव आधी घ्यायला हवं.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो लोक आले, आणि यजमानच निर्वासित झाले. १९६० पासून हिमाचल प्रदेशातलं धर्मशाळा हे गाव त्यांचं केंद्र बनलं. १९०५ च्या भूकंपानंतर ओस पडलेल्या, धर्मशाळेच्याच वरच्या भागातल्या मॅक्लिओडगंजमधले रिकामे बंगले सरकारला सुचवले ते तिथल्या नौरोजी या पारशी दुकानदारांनी. १९७० साली तिबेटी ग्रंथालय स्थापन झालं. भाषा आणि बौद्ध दर्शन शिकायला परदेशी विद्यार्थी येऊ लागले आणि तिबेटी घरांतल्या खोल्या भाड्याने घेऊन राहू लागले. आजच्या होमस्टेचं मूळ मला या खोल्यांत दिसतं. पुढे १९८९ च्या नोबेल शांतता पुरस्कारानंतर धर्मशाळेचं नाव जगभर झालं. अलीकडे मुलं युरोप-अमेरिकेत स्थायिक होतात, मागे म्हातारे आईवडील उरतात. रिकाम्या खोलीत पाहुणा येतो त्याचं हेही एक कारण.

खुद्द तिबेटात २००६ मध्ये ल्हासापर्यंत रेल्वे आल्यावर चिनी पर्यटकांची रीघ लागली आणि आग्नेय तिबेटातल्या लुलांगसारख्या ठिकाणी गावकऱ्यांनी घरगुती लॉज काढले. परदेशी माणसाला मात्र वेगळं परमिट, सोबत वाटाड्या आणि आधी ठरलेला मार्ग लागतो. मनाला आलं म्हणून कुणाच्या घरी उतरता येत नाही. भारतातही कर्नाटकातल्या बैलकुप्पे, मुंडगोडसारख्या तिबेटी वसाहतींत राहायला परदेशी नागरिकांना गृहमंत्रालयाचं परमिट काढावं लागतं. भारतीयांना ते लागत नाही.

अशी एक वसाहत महाराष्ट्रातही आहे: गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग, १९७२ ची. जमीन सरकारी, त्यामुळे ज्या घरात पाहुणा उतरतो त्याखालची जागा यजमानाच्या मालकीची नसते. जायचं तर थंडीचे महिने टाळावेत. त्या दिवसांत वसाहतींतली बरीच कुटुंबं शहरोशहरी स्वेटर विकायला गेलेली असतात आणि लोसारच्या, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमधल्या नववर्षाच्या, सुमारास परततात.