पोर्च लाइट आणि शेजाऱ्याचा अर्धा तास

रात्रीचे साडेदहा वाजले असतील. पेन्सिल्व्हेनियातल्या एका कॅम्पग्राउंडवर आमचं भाड्याचं मोटारहोम, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, उभं होतं. न्यू जर्सीहून दिवसभर गाडी हाकून आल्यावर खुर्च्या मांडल्या, गाडीच्या कुशीतून उलगडणारं कापडी छत (इथे सगळे त्याला ऑनिंग म्हणतात) बाहेर काढलं आणि दाराशेजारच्या पाटीवरची बटणं एकेक करून दाबली. पोर्च लाइट लागला. ऑनिंगच्या कडेने पांढरीशुभ्र एलईडी पट्टी लागली. पायरीखालचा छोटा दिवा तर दार उघडताच आपोआप लागत होता. साताऱ्याहून उन्हाळ्यापुरते आलेले बाबा खूश. म्हणाले, “लग्नघरासारखं वाटतंय.”

तेवढ्यात पलीकडच्या साइटवरचे (साइट म्हणजे एकेका गाडीसाठी आखलेली जागा) सत्तरीचे गृहस्थ चालत आले. हातात मिणमिणती लाल बॅटरी, तीही जमिनीकडे धरलेली. फार अजिजीने म्हणाले, “दिवे बंद करता येतील का? मी चाळीस मिनिटं डोळे सरावायला बसलोय.” त्यांच्या गाडीमागे दुर्बीण उभी होती, हे आम्हाला दिसलंच नव्हतं. आमच्याच उजेडामुळे दिसलं नव्हतं, हे नंतर कळलं.

मी माफी मागितली, दिवे घालवले आणि मनातून थोडा चिडलो. आपल्या दारातला दिवा आपण लावायचा नाही? रात्री दहानंतर आवाज नको, जनरेटर नको, हा नियम तिथल्या पाटीवर लिहिला होता. दिव्याबद्दल पाटी गप्प होती. बाबांना वेगळीच गंमत वाटली. आषाढातली अमावास्या दोन दिवसांवर होती. “आपल्याकडे दिवे घासूनपुसून लावायची अमावास्या,” ते म्हणाले, “आणि हा बाबा म्हणतो विझवा.”

त्या गृहस्थांची मागणी लहरीपणाची होती की नाही, याचा निवाडा आपल्या डोळ्याच्या पडद्यावर होतो. तिथे प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी सुमारे ६० लाख. त्या दिवसा काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाहीत, पण अगदी पुसट उजेड कळतो. दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. प्रकाश पडला की त्याचा रेणू मोडतो आणि त्या मोडण्यातूनच मेंदूला संदेश जातो. मोडलेला रेणू पुन्हा जुळायला जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला तुकडा लागतो आणि वेळ लागतो. रातांधळेपणावर गाजर-पपई खायला सांगतात ते याचमुळे.

भर उजेडात यातलं बरंचसं ऱ्होडॉप्सिन मोडलेल्या अवस्थेत असतं. अंधारात गेल्यावर पहिल्या काही क्षणांत बाहुली मोठी होते, पण तिची मदत तुटपुंजी. २ मिलिमीटरची बाहुली ७ मिलिमीटर झाली, तरी आत येणारा प्रकाश जेमतेम बारा पट वाढतो. पुढची आठ-दहा मिनिटं शंकूपेशी जमेल तेवढं ओढतात आणि मग थकतात. खरी मजल दंडपेशी मारतात, पण त्यांना पुरतं तयार व्हायला अर्धा तास, कधी त्याहूनही जास्त लागतो. त्या अर्ध्या तासात डोळ्याची संवेदनक्षमता हजारो पटींनी वाढते. मराठीत ‘डोळे अंधाराला सरावले’ म्हणतात, आणि तो शब्द चपखल आहे. सराव व्हायला वेळ लागतो, मोडायला लागत नाही.

किती मोडतो हे दिव्यावर अवलंबून असतं. कुणी क्षणभर बॅटरी डोळ्यावर मारली तर काही मिनिटांचं नुकसान. पण शेजारच्या ऑनिंगची पट्टी सतत नजरेत असेल, तर सराव पुरा होतच नाही. माणूस रात्रभर अर्धवट सरावलेल्या डोळ्यांनी बसून राहतो आणि म्हणतो, इथे काही खास तारे दिसत नाहीत बुवा.

आता थोडा हिशेब. दिव्यातून एकूण किती उजेड निघतो ते लुमेनमध्ये मोजतात, आणि एखाद्या जागेवर किती पडतो ते लक्समध्ये. समजा पोर्च लाइट ३०० लुमेनचा आहे, म्हणजे घरातल्या छोट्या बल्बपेक्षाही कमी. त्याचा उजेड पुढच्या अर्धगोलात सारखा पसरतो असं धरलं, तर १० मीटरवर, म्हणजे साधारण शेजारच्या साइटवर, जवळपास अर्धा लक्स पोचतो. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड असतो. म्हणजे एका क्षुल्लक दिव्याने आपण शेजाऱ्याच्या अंगणात दोन पौर्णिमा एकदम उगवल्या. चांदण्यांचा उजेड तर लक्सच्या हजाराव्या भागात मोजायचा. ऑनिंगच्या पट्ट्या मीटरमागे काही शे लुमेन सहज देतात आणि त्या पाच-पाच मीटर लांब असतात. पुढचा हिशेब मी केला नाही, धीर झाला नाही.

अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट घटतो, हा दिलासा मोकळ्या माळावर खरा. कॅम्पग्राउंडवर गाड्या ओळीने उभ्या असतात आणि मोटारहोमचं अंग बहुधा पांढरं. एकाचा दिवा, दुसऱ्याची भिंत, तिसऱ्याचा डोळा.

दिव्याचा रंगही महत्त्वाचा आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा प्रकाश देणारा कण असतो आणि त्यावर पिवळसर लेप. काही निळा प्रकाश तसाच बाहेर पडतो, बाकीचा लेपामुळे पिवळा होतो आणि दोघांची बेरीज आपल्याला पांढरी दिसते. ज्या निळ्या एलईडीमुळे हे जमलं, त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण हा निळा भाग, ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, रात्री तीन ठिकाणी नडतो. दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या जवळपास सर्वांत संवेदनशील असतात, त्यांना तो जोरात लागतो. हवेत तो जास्त विखुरतो: तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या नियमाने ४५० चा निळा ६०० च्या नारिंगीपेक्षा तिपटीहून अधिक. आणि डोळ्यात मेलानॉप्सिन असलेल्या आणखी काही पेशी असतात. त्या चित्र पाहत नाहीत, फक्त ‘अजून दिवस आहे’ एवढं मेंदूला कळवतात, आणि निळसर प्रकाशालाच सर्वाधिक दाद देतात. मग झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन लांबणीवर पडतं. क्लास सी प्रकारच्या मोटारहोममध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो आणि त्याला खिडकी. शेजारची पट्टी नेमकी त्या खिडकीत शिरते आणि आत झोपलेलं पोर तळमळत राहतं.

लाल दिव्याचं गुपितही यातच आहे. ६२० नॅनोमीटरच्या पुढच्या लाल प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ ओळखतच नाहीत. शंकूपेशींना मात्र तो दिसतो. त्यामुळे मंद लाल उजेडात पाय कुठे टाकतोय ते कळतं आणि ऱ्होडॉप्सिनही फारसं खर्ची पडत नाही. याची उलटी बाजू अंगणातच पाहता येते. तिन्हीसांजेला जास्वंदीपाशी उभे राहा. दिवसा पानांतून उठून दिसणारं लालभडक फूल काळवंडतं आणि पानं अजून बरीच उजळ दिसतात. शंकूपेशींकडून दंडपेशींकडे पहारा बदलताना रंगांची ही अदलाबदल होते. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिपली आणि तिला त्यांचंच नाव मिळालं.

अर्थात लाल म्हणजे हवा तेवढा भगभगीत, असा अर्थ नव्हे. गाडीच्या पोटाखाली लाल एलईडीची माळ लावून ‘आमचा दिवा लाल आहे’ म्हणणारेही भेटतात. त्यांना काय म्हणावं?

पोर्च लाइटला पिवळी काच कशाला, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. अनेक मोटारहोमवर ती कारखान्यातूनच येते, कीटक कमी यावेत म्हणून. पिवळा दिवा किड्यांना हाकलत नाही, त्यांना फक्त कमी दिसतो. मुळात किडे दिव्याभोवती घिरट्या का घालतात, याचं चांगलं उत्तर २०२४ च्या जानेवारीत आलं. लंडनच्या इंपीरियल कॉलेज आणि फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्यांनी उडते कीटक टिपले. त्यांना दिसलं की कीटक दिव्याकडे झेपावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. लाखो वर्षं रात्रीचा उजेड वरूनच यायचा. ‘उजेड तिकडे वर’ एवढ्या खुणेवर ते अंग सावरत आले. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे वळते, उडण्याची दिशा वाकते आणि बिचारा गोल गोल फिरत अडकतो. उजेड खालून वर टाकला, तर काही कीटक चक्क उलटे होऊन कोसळतात. ऑनिंगखाली सकाळी झाडताना जो पंखांचा सडा पडतो, त्याचा उलगडा मला हे वाचल्यावर झाला.

काही ठिकाणी दिव्याचा प्रश्न मुरवतीवर सोडलेला नाही. पेन्सिल्व्हेनियातच चेरी स्प्रिंग्ज स्टेट पार्क आहे. तिथल्या रात्रीच्या निरीक्षण मैदानावर पांढरी बॅटरी चालत नाही, लाल कागद लावूनच फिरायचं. टेनेसीत ग्रेट स्मोकी माउंटन्समधलं एल्कमाँट कॅम्पग्राउंड एका तालात लुकलुकणाऱ्या काजव्यांसाठी प्रसिद्ध आहे. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तिथे एवढी झुंबड उडते की वाहनांचे परवाने सोडतीने देतात. नियम सोपे: बॅटरीवर लाल किंवा निळा सेलोफेन, झोत जमिनीकडे, जागेवर पोचलात की बंद. नर मोजक्या वेळा लुकलुकून सगळे एकदम थांबतात आणि त्या काळोखाच्या खिडकीत जमिनीवरची मादी मंद उत्तर देते. त्या काही सेकंदांत कुणाचा पोर्च लाइट मध्ये आला, तर लग्न मोडलंच म्हणायचं. भंडारदऱ्याला किंवा पुरुषवाडीला पावसाच्या तोंडावर काजवे बघायला गेलेल्यांना मोबाइलच्या उजेडाने होणारा हा घोळ सांगायला नको.

उटा राज्यातल्या नॅचरल ब्रिजेस या संरक्षित जागेला २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. भारतातलं पहिलं आपल्याकडचं: महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प, जानेवारी २०२४. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करणारे लावले गेले. दिवे काढले नाहीत, फक्त मान खाली घातली. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही २०२१ मध्ये आलं आहे. आपल्याकडच्या गाड्यांना अजून कॅम्पग्राउंडची दाटी माहीत नाही, तोवरच हे ठरवून टाकलेलं बरं.

‘पण सुरक्षिततेचं काय?’ हा प्रश्न माझ्या घरातूनच आला, कारण पट्टी लावण्यामागे बाबा पायरीवरून पडू नयेत हीच काळजी होती. गंमत अशी की म्हाताऱ्या डोळ्याला झगझगीत दिवा जास्त घातक. वयाबरोबर भिंग पिवळट आणि किंचित गढूळ होतं, प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो आणि समोर धुकं पसरल्यासारखं होतं. दिवा डोळ्याच्या उंचीवर असला की डोळे दिपतात आणि त्याच्या सावलीतली पायरी आणखी काळी होते.

बाबांना हे मी भिंगाची आकृती काढून समजावत होतो. त्यांनी निम्म्यात थांबवलं. “आम्ही रानात रात्रीचं पाणी द्यायला जायचो,” ते म्हणाले. “कंदील गुडघ्याच्या खाली धरायचा. तोंडासमोर धरलास की कंदीलच दिसतो, सरी दिसत नाही.”

दुसऱ्या रात्री पट्टी बंद ठेवली. पोर्च लाइटही. पायरीच्या दिव्यावर मिठाईच्या खोक्यातला लाल जिलेटिन कागद दुहेरी करून चिकटवला. त्याचा उजेड एवढाच की पायरीची कड दिसावी. गाडी रिमोटने उघडताना पुढचे-मागचे दिवे लखकन उघडमीट करतात, म्हणून किल्लीने उघडायची असं पोरांना बजावलं. पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी कुरकुर केली. विसाव्या मिनिटाला मुलगी म्हणाली, पलीकडच्या झाडांची पानं वेगवेगळी दिसतायत.

पलीकडचे गृहस्थ पुन्हा आले, या वेळी बोलवायला. दुर्बिणीत त्यांनी एम ५१ लावली होती, दोन-तीन कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका. मला आधी नुसता राखाडी डाग दिसला. थेट बघू नका, जरा कडेला बघा, असं त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच, म्हणून पुसट गोष्ट नजरेच्या कोपऱ्यातून पाहायची असते. कडेला पाहिलं आणि डागाशेजारी दुसरा, लहान डाग हळूच उमटला. बराच वेळ मी तिथून हललो नाही, मागे रांग लागली तरी.

बाबांना दुर्बिणीत रस नव्हता. ते नैर्ऋत्येकडे बघत उभे होते. “ज्येष्ठा इतकी खाली कशी?” ज्येष्ठा म्हणजे वृश्चिकेतला लालसर तारा. साताऱ्यात ती सर्वांत उंच येते तेव्हा क्षितिजापासून ४६ अंशांवर असते. इथे उत्तरेला इतकं वर आल्यावर फार तर २२. विंचवाची नांगी, म्हणजे मूळ नक्षत्र, तर त्यांना सापडेचना. मूळ कुठाय, म्हणून ते अंधारात चार पावलं डावीकडे गेले, मग चार पावलं उजवीकडे. ते आमच्याच मोटारहोमच्या छतामागे होतं.