छातीवर लाथ आणि पिवळे कार्ड

11 जुलै 2010, जोहान्सबर्ग. फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स, 28वे मिनिट. हवेतला चेंडू घ्यायला दोघे झेपावले. स्पेनच्या शाबी अलोन्सोने डोके लावले आणि नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगच्या बुटाचा तळ थेट त्याच्या छातीत बसला. इंग्लंडचे रेफरी हॉवर्ड वेब यांनी पिवळे, म्हणजे ताकिदीचे, कार्ड काढले. टीव्हीसमोरच्या माणसाला लाल, म्हणजे मैदानाबाहेर काढणाऱ्या, कार्डाबद्दल शंका नव्हती. पुढे वेब यांनीही जाहीरपणे मान्य केले की ते लालच होते. त्या क्षणी मध्ये खेळाडू आल्याने लाथ त्यांना नीट दिसली नव्हती.

फायनलमध्ये खेळाडूला बाहेर काढायची हिंमत झाली नाही, असा ठपका त्यांच्यावर बराच काळ ठेवला गेला. मला तो अन्यायाचा वाटतो. फाउलचा निर्णय बराचसा शिट्टीच्या आधीच ठरलेला असतो: रेफरी किती अंतरावर आहे, कोणत्या कोनातून पाहतो आहे, आणि चेंडू सोडून खेळाडूंकडे त्याची नजर कधी वळली, यावर.

आधी नियम पाहू. खेळाच्या 12व्या नियमात धसमुसळ्या खेळाच्या तीन पायऱ्या आहेत. खेळाडू नुसता निष्काळजी असेल, तर फ्री किक देऊन खेळ पुढे सुरू. समोरच्याला काय होईल याची पर्वा न करता तो घुसला, तर पिवळे कार्ड. गरजेपेक्षा फार जास्त जोर लावला किंवा समोरच्याच्या सुरक्षिततेला धोका निर्माण केला, तर लाल. मुद्दाम केले की चुकून झाले, हा प्रश्न या तीन पायऱ्यांत कुठेच येत नाही. ‘आधी बॉलला पाय लागला होता!’ ही प्रेक्षकांची लाडकी तक्रारही इथे कामाची नाही. चेंडू मिळवूनही पुढच्याचा घोटा मोडता येतो.

जोर मोजायचा कसा? रेफरीकडे यंत्र नसते, पण त्याची नजर भौतिकशास्त्राच्या जवळ जाणारे काम करते. 75 किलोचा खेळाडू सेकंदाला 3 मीटर वेगाने येत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे 340 जूल असते. वेग दुप्पट, म्हणजे 6 मीटर झाला, की ती 1350 जूलवर जाते. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. म्हणून दुरून धावत येऊन मारलेले टॅकल (चेंडू हिसकावण्यासाठी घातलेला पाय) दिसायला साधे असले तरी घातक ठरते. त्यातही गुडघा वाकलेला असेल, तर पाय धडकेबरोबर मागे सरकतो आणि धक्क्याचा काही भाग स्वतः घेतो. गुडघा ताठ आणि बुटाचे स्टड, म्हणजे तळाच्या खुंट्या, पुढे असतील, तर अंगाचे वजन काही चौरस सेंटिमीटरवरून समोरच्याच्या नडगीत उतरते. दोन्ही पाय जमिनीवरून सुटले असतील, तर टॅकल करणाऱ्याला स्वतःला थांबवताही येत नाही. प्रशिक्षित रेफरी याच खुणा शोधतो: वेग, पायाची उंची, स्टडची दिशा, गुडघा, जमिनीवरचा आधार, आणि चेंडू खरोखर मिळण्याजोगा होता का. डी याँगचा पाय छातीच्या उंचीवर होता आणि स्टड पुढे होते. या दोनच खुणा दिसल्या असत्या तरी पुरे झाले असते.

पण दिसायला जागा योग्य हवी. 2009च्या कॉन्फेडरेशन्स कप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या निर्णयांचा एक अभ्यास झाला. त्यात फाउलबाबत रेफरींच्या चुकांचे प्रमाण सरासरी 14 टक्के निघाले आणि 11 ते 15 मीटर अंतरावरून दिलेल्या निर्णयांत चुकण्याचा धोका सर्वात कमी होता. लांब राहिले की बारकावा हरवतो हे सरळ आहे. पण फार जवळ गेले तरी बिघडते. सगळा प्रसंग नजरेच्या टप्प्यात मावत नाही आणि आपणच पासच्या वाटेत येतो. अंतराइतकाच कोन महत्त्वाचा. दोन खेळाडूंच्या मधली फट बाजूने दिसली पाहिजे. एकाच्या पाठीमागून पाहिले, तर संपर्क झाला की नाही हेच कळत नाही. त्यामुळे चांगला रेफरी चेंडूच्या मागे धावत नाही. चेंडू कुठे पडणार याचा अंदाज घेऊन तो दोन पावले आडवा सरकतो. चेंडू उंच उडाला तर हे फारच अवघड होते, कारण सगळ्यांचे डोळे आपोआप वर जातात आणि धडक खाली होते. अशा वेळी चेंडू कुठे उतरणार हे एकदा हेरून नजर लगेच खेळाडूंच्या पायांवर आणि कोपरांवर आणायची असते.

त्याच अभ्यासात शेवटच्या 15 मिनिटांत चुकांचे प्रमाण 23 टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. एका सामन्यात रेफरी साधारण 10 ते 12 किलोमीटर धावतो. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या चाचणीत पुरुष आंतरराष्ट्रीय रेफरींना 75 मीटर 15 सेकंदांत धावायचे, मग 25 मीटर 18 सेकंदांत चालायचे, असे 40 वेळा करावे लागते. पाय थकले की आधी तो आडवा सरकण्याचा कोन सुटतो, आणि कोन सुटला की निर्णय.

गर्दीचाही परिणाम मोजला गेला आहे. 2002 साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी 40 रेफरींना एकाच सामन्यातली 47 टॅकल्स चित्रफितीवर दाखवली, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह आणि काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे साडेपंधरा टक्के कमी फाउल दिले. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे स्थानिक संघ समोरासमोर आले की भरलेली गॅलरी काय करते, हे पाहिलेल्याला याचे नवल वाटणार नाही. तिथे रिप्ले पाहायला पडदा नसतो. असतात ते रेफरी आणि रेषेवरचे दोन सहायक.

आता पुन्हा त्या फायनलकडे. 15व्या मिनिटापासून 28व्यापर्यंत वेब यांनी पाच पिवळी कार्डे दाखवली होती. एरवीची रीत पायरीपायरीने जाते: आधी नुसती शिट्टी, मग जरा लांब आणि जोरकस शिट्टी, मग खेळाडूला बाजूला घेऊन दोन शब्द, मग कर्णधाराला बोलावून सगळ्यांना दिसेल असा इशारा, आणि मग कार्ड. या पायऱ्यांमुळे कार्ड निघते तेव्हा ते कोणाला अनपेक्षित वाटत नाही. पण पहिलेच टॅकल बेपर्वा असेल, तर पायऱ्या गाळाव्याच लागतात. बड्या सामन्यात ‘अजून लवकर आहे’ म्हणून कार्ड खिशात ठेवणारा रेफरी तासाभराने पस्तावतो. वेब यांनी कार्डे वेळेवर काढली. तरीही खेळ निवळला नाही. अखेर 14 पिवळी कार्डे झाली आणि 109व्या मिनिटाला दुसऱ्या पिवळ्यावर नेदरलँड्सचा जॉन हायटिंगा बाहेर गेला.

गंभीर फाउल झाल्यावर ॲडव्हांटेज, म्हणजे फाउल सोसलेल्या संघाला पुढे जायची संधी, देऊन खेळ चालू ठेवण्याचा मोह घातक असतो. लाल कार्डाचा फाउल असेल आणि गोलची अगदी स्पष्ट संधी समोर नसेल, तर शिट्टी ताबडतोब वाजली पाहिजे. नाहीतर पुढच्या काही सेकंदांत पडलेल्याचा सहकारी हिशेब चुकता करतो आणि एकाऐवजी दोन प्रकरणे निस्तरावी लागतात.

2018च्या वर्ल्ड कपपासून व्हिडिओ सहायक रेफरी मदतीला आला. थेट लाल कार्डाचा प्रसंग त्याच्या कक्षेत येतो, पण मैदानावरचा निर्णय उघड उघड चुकलेला असेल किंवा गंभीर प्रसंग नजरेतून सुटला असेल तरच तो हस्तक्षेप करतो. मग रेफरी हाताने टीव्हीचा चौकोन काढून कडेच्या पडद्याकडे जातो. तिथे एक बारीक पण कळीचा नियम आहे. संपर्क नेमका कुठे झाला हे पाहायला संथ गती चालते. जोर किती होता हे मात्र नेहमीच्या वेगानेच पाहायचे. प्रयोगांत असे दिसले आहे की तेच टॅकल संथ गतीत दाखवले, तर अनुभवी रेफरीही जास्त कडक शिक्षा देतात. संथ चित्रात खेळाडूला विचार करायला भरपूर वेळ होता असे वाटते. प्रत्यक्षात सगळे सेकंदाच्या काही भागात घडलेले असते. समालोचक थांबवलेले चित्र दाखवून निकाल देतात, तेव्हा हे जरूर आठवावे.

चेंडूपासून दूर घडणारी मारामारी वेगळीच. 2006च्या बर्लिनमधल्या फायनलमध्ये फ्रान्सच्या झिनेदिन झिदानने इटलीच्या मार्को मातेराझीच्या छातीवर डोके आपटले, तेव्हा खेळ दुसरीकडे चालू होता. रेफरी ओरासिओ एलिझोंडो यांना काहीच दिसले नव्हते. त्यांनी सहायकांना विचारले. त्यांनीही पाहिले नव्हते. मैदानाबाहेर बाकांजवळ उभे असलेले चौथे रेफरी लुईस मेदिना कांतालेहो यांनी इयरफोनवर सांगितले, तेव्हा लाल कार्ड निघाले. म्हणूनच नजरांची वाटणी आधी ठरवलेली असावी लागते: एकजण चेंडूवर, दुसरा चेंडू नुकताच जिथून गेला तिथे मागे.

घोळका जमला की काय करायचे, हे सामन्याआधीच्या बैठकीत ठरते. 2022च्या वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिना–नेदरलँड्स सामन्यात लिआंद्रो पारेदेसने फाउल केला आणि लगेच चेंडू डच बाकांवर मारला. क्षणात दोन्ही बाजूंचे राखीव खेळाडूही मैदानात आले. अशा वेळी रेफरीने मध्ये शिरायचे नसते. आत गेला की त्याला फक्त पाठी दिसतात आणि धक्काही बसतो. तो काही पावले मागे उभा राहतो. जवळचा सहायक समोरच्या बाजूने पाहतो, चौथा रेफरी बाकांवरच्या लोकांना थोपवतो. तिघांनी लक्षात ठेवायचे ते असे: सुरुवात कोणी केली, तिसरा माणूस म्हणून धावत कोण आला, आणि कोणाचा हात समोरच्याच्या चेहऱ्याला लागला. गर्दी पांगेपर्यंत कार्ड काढायचे नाही, कारण त्या गलबल्यात ते भलत्यालाच दाखवले जाऊ शकते. पांगल्यावर तिघे एकत्र येऊन क्रमांक जुळवतात, आणि मग एकेकाला वेगळे बोलावून कार्डे दाखवतात. 2024च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत तर फक्त कर्णधारानेच रेफरीकडे यायचे, असा दंडक घातला गेला. त्यामुळे कार्डाभोवतीचे कोंडाळे बरेच कमी झाले. सामना संपल्यावर हे सारे अहवालात लिहायचे असते: मिनिट, क्रमांक, कोणत्या अवयवाने, कुठे, किती जोराने. बंदी किती सामन्यांची द्यायची, हे शिस्तपालन समिती ठरवते तेव्हा हाच कागद तिच्यासमोर असतो.