अलेक्झांडरच्या डोक्यावरचे करडे आकाश

लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हेरोनेझे या व्हेनिसच्या चित्रकाराचे एक भलेमोठे तैलचित्र आहे. उंची २३६ सेंटिमीटर, रुंदी ४७५. प्रसंग इसवी सनपूर्व ३३३ मधल्या इस्ससच्या लढाईनंतरचा. इराणचा सम्राट दारियस पळून गेला आणि त्याचे कुटुंब अलेक्झांडरच्या हाती लागले. दारियसच्या आईने अलेक्झांडर समजून त्याच्या मित्रापुढे, हेफेस्टियनपुढेच लोटांगण घातले, ती फजितीची घटका १५६५ ते १५६७ च्या सुमारास रंगवली गेली. रेशीम, चिलखते, केसांतले मोती, सगळे अजून झळाळते आहे. आकाश मात्र पावसाळी दुपारसारखे करडे.

व्हेरोनेझेने ते निळे रंगवले होते. रंगद्रव्य होते स्माल्ट, म्हणजे कोबाल्ट हा धातू घालून निळी केलेली काच कुटून केलेली पूड.

निळ्यातला उत्तम रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून निघे, पण तो परवडणे अवघड. व्हेनिसच्याच तिशियन या चित्रकाराने १५२० ते १५२३ मध्ये ‘बॅकस आणि अरियाड्नी’ रंगवले, त्यात तो सढळ हाताने वापरला. ते चित्र याच गॅलरीत आहे आणि त्याचे आकाश आजही डोळ्यांत भरते. स्माल्ट त्या मानाने स्वस्त. म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकांत मोठ्या चित्रांची आकाशे त्याने भरली गेली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन ब्लू हा नवा निळा रंग सापडल्यावर त्याची गरज सरली.

करायची रीत अशी. कोबाल्टचे खनिज भाजायचे. त्यात बहुधा आर्सेनिक असे, म्हणून धूर विषारी. भाजलेली पूड, स्वच्छ वाळू आणि पोटॅश (लाकडाच्या राखेतला क्षार) एकत्र करून सुमारे ११५० अंश सेल्सिअसला वितळवायचे. तो लालबुंद रस थंड पाण्यात ओतला की काच तडतडून फुटते. मग दळायचे, पाण्यात ढवळायचे आणि जाड कण आधी खाली बसतात, बारीक नंतर, या हिशेबाने प्रती वेगळ्या करायच्या.

इथेच चित्रकाराची पंचाईत सुरू होते. इतर बरेच रंग जितके घोटाल तितके खुलतात. स्माल्ट जितका बारीक कराल तितका फिका पडतो. गडद निळा हवा तर कण जाड ठेवावे लागतात, आणि जाड कण तेलात खाली बसतात, ब्रशला खरखरीत लागतात, उभ्या कॅनव्हासवर ओघळतात. शिवाय काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे प्रमाण, साधारण १.५, तेलाचाही त्याच्या जवळपास. त्यामुळे तेलात कालवताच काच पारदर्शक होते आणि खालचा थर झाकतच नाही. यावरचा एक जुना उपाय मोठा नामी आहे: आधी शिशाच्या सफेद्याचा ओला थर द्यायचा आणि त्यावर कोरडा स्माल्ट रांगोळीसारखा भुरभुरवायचा. पाट्या रंगवणारे असे करत. कलावंत मंडळी जवसाच्या तेलाऐवजी कमी पिवळे पडणारे अक्रोडाचे तेल घेत. हुशारी खरी, पण रोग तेलाच्या पिवळेपणापुरता नव्हता.

काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे जाळे. पोटॅशमधून आलेले पोटॅशियम त्या जाळ्याच्या फटींत सैल बसलेले असते. कोबाल्टच्या अणूभोवती चार ऑक्सिजन असले की तो गडद निळा दिसतो, आणि ही चौकडी टिकायला शेजारी पोटॅशियम लागते. तेल जुने होत जाते तशी त्यात मेदाम्ले मोकळी होतात. ती काचेतले पोटॅशियम ओढून घेतात आणि त्याचा साबण बनतो. तेल आणि पोटॅश यांचा मऊ साबण माणूस कधीचा करत आला आहे. इथे तोच चित्राच्या पोटात तयार होतो. पोटॅशियम गेले की कोबाल्टभोवती चाराऐवजी सहा ऑक्सिजन येतात आणि निळेपणा जवळजवळ नाहीसा होतो. सिलिका जेलच्या पुडीतले निळे दाणे दमट झाले की गुलाबी होतात, तिथेही कोबाल्ट चारावरून सहावर जातो. फरक एवढाच की ते दाणे तापवले की पुन्हा निळे होतात. स्माल्ट होत नाही. काच फिकी, भोवतीचे तेल पिवळट, दोन्ही मिळून करडा-तपकिरी रंग.

हे ओळखतात कसे? चित्राच्या एखाद्या तड्याच्या कडेवरून टाचणीच्या टोकापेक्षा लहान कण काढतात, राळेत बसवून घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. फुटक्या बांगडीसारखे धारदार तुकडे दिसले की स्माल्ट. मोठा तुकडा कधीकधी मध्यभागी अजून निळा असतो आणि कडेने रंगहीन. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मोजले तर निळ्या गाभ्यात पोटॅशियम भरपूर, फिक्या कडेत जेमतेम; कोबाल्ट मात्र दोन्हीकडे. म्हणजे रंग देणारा धातू कुठेही गेलेला नाही. जिथे चित्रकाराने भरपूर सफेदा मिसळला होता तिथे निळा बरा टिकलेला आढळतो, कारण मेदाम्लांना शिसे आधी सापडते.

करडेपणा म्हणजे मळ किंवा जुने व्हार्निश, असे समजून घासत बसणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. व्हार्निश काढल्यावरही निळे येत नाही, कारण बिघाड कणाच्या आत आहे. आणखी घासले तर उरलासुरला थरही जातो. वरून नवा निळा चढवणे म्हणजे व्हेरोनेझेच्या हातावर दुसऱ्याचा हात. त्यामुळे आकाश आहे तसे ठेवावे लागते. नुकसान फक्त आकाशाचेही नाही. अलेक्झांडरच्या मागची फिकट दगडी कमानींची रांग निळ्यावर कोरल्यासारखी उठून दिसावी म्हणून तशी रंगवली होती. आता फिक्यावर फिके, आणि तिचा वरचा कठडा आकाशात विरघळतो.