जुन्या फाउंटन पेनांचा संग्रह

बॉलपेन घरोघरी पोहोचण्याआधीच्या काळातली शाईची पेने शोधून, दुरुस्त करून, लिहिती ठेवण्याचा छंद. फाउंटन पेनला मराठीत ‘झरणी’ असा सुरेख शब्द आहे, पण संग्राहकांच्या तोंडी पेनच असते. जुनी नाणी नुसती जपली तरी चालतात, पेन मात्र लिहिते करावे लागते. त्यामुळे हा संग्रह पैशापेक्षा पेन उघडता येण्यावर अधिक अवलंबून असतो.

शाई भरायची पद्धत कळली की पेनाचा काळ बराचसा कळतो. सुरुवातीच्या पेनांत ड्रॉपरने थेट नळीत शाई ओतत. शाई संपत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून थेंब टपकतो; शाळकरी खिशांवरच्या निळ्या डागांचे मूळ बहुधा हेच. पुढे शेफर या पेन कंपनीने बाजूच्या तरफेने रबरी पिशवी दाबायची सोय आणली, 1929 मध्ये पेलिकनने फिरणारा दट्ट्या, तर 1933 मध्ये पार्करने ‘व्हॅक्युमॅटिक’ या पेनात रबरी पडदा. 1941 च्या ‘पार्कर 51’मध्ये निब जवळजवळ झाकलेली आहे. त्याची 1948 नंतरची आवृत्ती नवख्याने आधी घ्यावी: तिची पिशवी रबराची नसल्याने आजही बहुधा धुऊन लगेच लिहिता येते.

रबरी पिशवी वाळून कडक होते किंवा वितळून चिकटते. नवी पिशवी शुद्ध केलेल्या लाखेने बसवतात. ऊब दिली की लाख सुटते, म्हणून पुढच्या दुरुस्तीची वाट मोकळी राहते. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती कायमची बंद होते, आणि बाजारातली कितीतरी चांगली पेने अशीच वाया गेलेली दिसतात.

अनेक जुनी पेने एबोनाइटची असतात; एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. ऊन आणि ओल लागून त्याचा काळा रंग तपकिरी पडतो, म्हणून असे पेन रात्रभर पाण्यात भिजवू नये. सेल्युलॉइड हे जुन्या काळचे प्लास्टिक ज्वालाग्राही असते, आणि फिकट रंगाचे असल्यास आतल्या रबराच्या गंधकानेही काळवंडते.

खरेदी करताना निब भिंगाखाली पाहावी. सोन्याच्या निबेच्या टोकावरचा कठीण धातूचा ठिपका झिजला असेल, तर पॉलिशची चमक निरुपयोगी. कंपनीच्या पेनात भलतीच निब बसवलेली असणे नेहमीचेच. पार्करच्या अनेक जुन्या पेनांवर वर्षाचा शेवटचा आकडा कोरलेला सापडतो.

भारतीय पेनांकडे संग्राहकांचे लक्ष तसे उशिरा गेले. गोदावरीकाठच्या, पण आंध्रातल्या राजमहेंद्रीत पेने घडवणाऱ्या रत्नम यांनी लेथवर घडवलेल्या पेनाबद्दल गांधीजींनी 1935 मध्ये त्यांना पत्र लिहिले होते. मुंबईत दांडेकरांनी 1931 मध्ये शाईची पूड आणि वड्या करायला घेतल्या. त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली.

आपल्याकडे पेन भेट देताना त्यावर नाव कोरून घेत. अशा पेनाला किंमत कमी येते, म्हणून विक्रेते नाव घासून काढतात. त्यासोबत कंपनीचा ठसाही बरेचदा पुसला जातो, आणि पेन कोणाचे होते तेही कळत नाही, कोणते होते तेही नाही.