दहा वर्षांची मुदत नेमकी कशाला होती?

आरक्षणाविषयीची मतं तपासणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न सहज शिरतो: ‘दहा वर्षांसाठीच दिलेलं आरक्षण अजून चालू ठेवावं का?’ प्रश्नच चुकीच्या माहितीवर उभा आहे. घटनेच्या कलम ३३४ मधली दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभांतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना (आणि तिथे अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी नेमण्याच्या तरतुदीला) होती. राखीव जागांची मुदत दर दहा वर्षांनी वाढत गेली. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती २०३० पर्यंत नेली. नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा आधार कलम १६(४). शिक्षणातल्या आरक्षणाचा १५(४), जे १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. या दोन्हींत मुदतीचा एक शब्दही नाही! म्हणून आधी कोणतं आरक्षण ते स्पष्ट लिहा, राजकीय, शैक्षणिक की नोकरीतलं, आणि मगच मत विचारा.