कुत्र्या-मांजरांची दंतचिकित्सा

कुत्रा व मांजर यांचे दात, हिरड्या आणि जबडे यांच्या विकारांवर उपचार करणारी पशुवैद्यकाची शाखा. कुत्र्याला दुधाचे २८ व कायमचे ४२ दात असतात. मांजराला २६ व ३०. साधारण सहा-सात महिन्यांत दुधाचे दात पडून कायमचे आलेले असतात. लहान चणीच्या कुत्र्यात कधी दुधाचा सुळा पडतच नाही, नवा त्याला खेटून उगवतो आणि मधल्या फटीत केस व अन्न अडकते. असा सुळा काढावा लागतो.

माणसाचे दात किडतात, तशी कीड कुत्र्यात क्वचित आढळते, मांजरात जवळजवळ नाहीच. यांचा खरा रोग हिरड्यांचा. स्वच्छ दातावरही काही तासांत जिवाणूंचा चिकट थर बसू लागतो आणि लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत टणक होतो. हेच कीटण. ते डोळ्यांना दिसते, पण घात करतो तो हिरडीखाली शिरलेला थर. हिरडी नुसती लाल होऊन सुजली असेल तर सफाईने पूर्ववत होते. दाताभोवतीचे हाड झिजले की ते सहसा भरून येत नाही.

रोग लक्षात येत नाही, कारण प्राणी खात राहतो. मुळाशी पू झालेला कुत्राही भांडे चाटूनपुसून रिकामे करतो. ‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ या समजापायी किती दात हकनाक जातात! एकाच बाजूने चावणे, घास तोंडातून पडणे, मांजराने अंग चाटायचे सोडणे, या खुणा दुखण्याच्याच असू शकतात.

मांजरात शरीराच्याच पेशी दात पोखरतात. पुष्कळदा सुरुवात खालच्या सुळ्यामागच्या पहिल्या दाढेपासून होते. खळग्यावर हिरडी चढून गुलाबी ठिपका दिसतो. तिथे स्पर्श होताच जबडा थरथरतो. असा दात भरून टिकत नाही, काढावाच लागतो. कुत्र्यात हाड किंवा शिंग चावताना वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो. पुढे डोळ्याखाली सूज येते आणि दुखणे डोळ्याचे समजले जाते. त्यावर रूट कॅनाल करतात किंवा दाढ काढतात.

सफाई पूर्ण भूल देऊन, श्वासनलिकेत नळी घालूनच करतात. एक्स-रेशिवाय मुळांची अवस्था कळत नाही. हिरडीखालचे कीटण काढल्यावर दात पॉलिश करतात, नाहीतर राहिलेल्या ओरखड्यांत थर लवकर धरतो. भुलीविना कीटण खरवडले की दात पांढरे दिसतात, आतला रोग तसाच राहतो आणि मालक निर्धास्त होतो. ही पद्धत टाळावीच.

घरी रोज मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू घासावी. सवय हळूहळू लावावी, आधी नुसते बोट ओठाखाली फिरवून. माणसांची टूथपेस्ट वापरू नये: प्राणी ती गिळतात, आणि काहींत असणाऱ्या झायलिटॉल या साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड पदार्थाने कुत्र्याच्या रक्तातली साखर धोकादायक इतकी उतरते. टणक झालेले कीटण मात्र ब्रशने निघत नाही.